हिमसंत

हिमसंत : जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड व लगतच्या देशांत ११ ते १५ मे या पाच दिवसांना दिलेले लोकनाम, जर्मन भाषेत ‘आइसहायलिगे’. या सुमारास रात्रीचा पारा पुन्हा शून्याजवळ उतरतो असे मानतात, म्हणून हे दिवस सरेपर्यंत टोमॅटो, काकडी, फरसबी अशा थंडी न सोसणाऱ्या भाज्या उघड्यावर लावू नयेत, असा तेथील परसबागांत संकेत आहे. मामेर्टुस, पांक्राटियुस, सेर्व्हाटियुस, बोनिफाटियुस व सोफिया असा संतांचा क्रम लागतो. उत्तर जर्मनीत गणना मामेर्टुसपासून होते, बव्हेरिया व ऑस्ट्रियात पांक्राटियुसपासून. ध्रुवाकडची हवा उत्तरेस आधी पोचते, असे याचे कारण सांगतात. फ्रान्समध्ये पहिले तिघेच धरतात. पोलंडमध्ये मधल्या तिघांना ‘थंड माळी’ या अर्थाचे नाव असून १५ मेच्या सोफियाला जर्मनांप्रमाणेच ‘थंड’ हे विशेषण लागते.

या संतांचा थंडीशी मुळात काही संबंध नाही. पांक्राटियुस व सोफिया हे परंपरेनुसार चौथ्या शतकाच्या आरंभीचे रोममधील हुतात्मे. सेर्व्हाटियुस हा त्याच शतकातील टोंगरनचा बिशप. बोनिफाटियुस हा टार्ससचा हुतात्मा होय. जर्मनीत धर्मप्रसार करणारा त्याच नावाचा आठव्या शतकातील बिशप वेगळा, त्याचा दिवस ५ जून. शेतीशी थोडाफार दुवा जोडता येतो तो पाचव्या शतकातील फ्रान्समधील व्हियेनचा बिशप मामेर्टुस याचा : वसंतातील प्रार्थना-मिरवणुकांची प्रथा त्याने सुरू केली असे मानतात, आणि पुढे या मिरवणुका पिकांच्या रक्षणासाठी शेतांतून निघू लागल्या.

संकेत केव्हा रूढ झाला याविषयी मतभेद आहेत. तारखेऐवजी संताच्या नावाने दिवस सांगण्याची रीत मध्ययुगीन असल्याने संकेतही त्या काळचा असावा. मात्र १५८२ मध्ये जुन्या ज्युलियन पंचांगाच्या जागी आजचे ग्रेगरीय पंचांग आले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरला गेला. जर्मनीतील प्रॉटेस्टंट राज्यांनी हा बदल १७०० मध्ये स्वीकारला. संतांच्या तारखा कागदावर होत्या तशाच राहिल्या, ऋतूतली त्यांची जागा मात्र हलली. संकेत चौदाव्या शतकात ठरला असे धरल्यास दोन पंचांगांतील तेव्हाचा फरक ८ दिवसांचा होता. म्हणजे मूळचे हिमसंत आजच्या १९ ते २३ मे या दिवसांत पडतात. यावरून ‘खरे’ हिमसंत मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मानावेत, असा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते हा संकेत म्हणजे हवामानाची नोंद नव्हे, कामाचे वेळापत्रक आहे. अनुभवाला न जुळणारी तारीख शेतकऱ्याने टिकवली नसती. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण शेवटच्या गोठणरात्रीची तारीख वर्षागणिक ८ दिवसांहून कितीतरी जास्त मागेपुढे होते. महाराष्ट्रातील मृगाची पेरणी याहून वेगळी पडते : ७-८ जूनचा मृग सूर्याच्या नक्षत्रस्थानावर बांधलेला असल्याने तो साधारण ७२ वर्षांत एकेक दिवस पुढे सरकतो, हिमसंत पंचांगाच्या फेरबदलात एका रात्रीत सरकले.

स्वीडनमधील ‘लोहरात्री’ (तेथील गोठणरात्री) याच कुळातल्या असाव्यात. ‘हिमपुरुष’ या अर्थाचा जर्मन ‘आइसमेनर’ हा शब्द भाषांतरात ‘आइझन’ म्हणजे लोखंड असा वाचला गेला, अशी व्युत्पत्ती देतात. ती पटण्यासारखी असली तरी सर्वमान्य नाही.

म्यूनिकचे हवामानशास्त्रज्ञ आउगुस्ट श्माउस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षातील ठराविक तारखांना पुन्हापुन्हा दिसणाऱ्या अशा चढउतारांचा अभ्यास केला. पुढील दीर्घ नोंदींत मेच्या मध्यावरची ही घसरण ठळक राहत नाही. जूनच्या पूर्वार्धातील ‘मेंढीथंडी’ (नुकतीच लोकर कातरलेली मेंढरे जीत गारठतात ती) त्या मानाने अधिक स्पष्ट दिसते. २०१७ मध्ये फळबागांची मोठी हानी झाली ती एप्रिलच्या उत्तरार्धात; २०२० मध्ये मात्र थंड हवेची लाट नेमकी ११ मेलाच आली. कारण दोन्हीकडे एकच : जमीन तापलेली, समुद्र गार, आणि उत्तरेकडची कोरडी हवा घुसल्यावर निरभ्र आकाशाखाली रात्रभर जमिनीची उष्णता निघून जाते. हवामान केंद्राचा तापमापक २ मी. उंचीवर असतो, अशा रात्री जमिनीलगत पारा त्याहून २ ते ४ अंशांनी खाली असतो. अंदाजात ३° से. असले तरी वाफ्यातल्या पानांवरचे दव पहाटे गोठलेले सापडते, ते यामुळे. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते. बागेच्या खालच्या अंगाला दाट कुंपण असेल तर ती तेथे तुंबते आणि त्याच ओळीतली रोपे आधी जातात.

लागवड : वाटाणा, पालक, मुळा, कांदा, नवलकोल यांना हिमसंतांची वाट पाहावी लागत नाही; ती मार्च-एप्रिलमध्येच लागतात. संकेत लागू होतो तो उष्ण प्रदेशांतून आलेल्या भाज्यांना. घरात खिडकीशी ढोबळी मिरचीचे बी फेब्रुवारीअखेर, टोमॅटोचे मार्चच्या मध्यास आणि काकडी व झुकिनीचे एप्रिलच्या मध्यास पेरतात. काकडीवर्गाची रोपे ३ ते ४ आठवड्यांचीच लावावीत. जुनी रोपे कुंडीत मुळे गुंडाळून बसतात व उपटताना दुखावतात.

लावण्यापूर्वी ७ ते १० दिवस रोपे काटक करतात : पहिल्या दिवशी सावलीत २-३ तास, मग रोज थोडे अधिक ऊन व वारा, शेवटी रात्रीही बाहेर. काचेआड वाढलेले रोप थेट उन्हात ठेवल्यास पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात. ते रोग समजून औषध फवारणे व्यर्थ. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल, ५० ते ६० सेंमी. अंतराने लावतात, कारण पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. कलमी रोपाचा सांधा मात्र मातीवर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या जातीलाच मुळे येऊन कलमाचा हेतू बुडतो. झुकिनीला १ मी. जागा लागते. फरसबीचे बी ४० सेंमी.वर ५-६ दाण्यांच्या आळ्यात टोकतात, खोली जेमतेम ३ सेंमी. : ‘घेवड्याला देवळाची घंटा ऐकू आली पाहिजे’ अशा अर्थाची जर्मन म्हण आहे. जमीन १०° से.च्या खाली असेल तर दाणे कुजतात किंवा माशीची अळी ते पोखरते.

हवा उबदार पण माती गार, हा फसवा प्रसंग. अशा वेळी टोमॅटोची पाने खालून जांभळी होतात, कारण गार मुळे स्फुरद (फॉस्फरस) उचलत नाहीत. खत वाढवून उपयोग नाही, माती तापेपर्यंत थांबावे. काकडी तर ओल्या वाफ्यातही उन्हात मान टाकते. सेलरीच्या कंदजातीचा धोका उलटा आहे : तिची कोवळी रोपे काही आठवडे १०-१२° से.खाली राहिली तर कांद्याला डेंगळे यावेत तसा फुलोऱ्याचा दांडा निघतो आणि कंद भरत नाही.

लावणीनंतर थंडीचा अंदाज आल्यास दुपारी वाफा भिजवतात, कारण ओली माती अधिक उष्णता धरते. निफाडचे द्राक्षबागायतदारही कडाक्याच्या थंडीत पहाटे पाणी सोडतात. संध्याकाळी कमानींवरून चौ. मीटरला १७ ग्रॅम वजनाचे पांढरे विणविरहित कापड टाकले तर सुमारे २ अंशांचा आधार मिळतो. प्लास्टिक पानांना टेकल्यास तेथेच पान गोठते. सकाळी ते काढायला विसरल्यास दुपारपर्यंत रोपे उकडतात. गोठलेला बटाटा जमिनीतल्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो. काळे पडलेले काकडीचे रोप उपटून नवे बी टोकणे बरे. मेअखेर पेरलेली काकडी अनेकदा आधी लावलेल्या रोपांना गाठते.

ऱ्हाइनच्या वरच्या खोऱ्यात अनुभवी माळी एप्रिलअखेरच टोमॅटो बाहेर काढतात. आल्प्सच्या पायथ्याच्या उंच गावांत जूनचा पहिला आठवडा उजाडतो.