शिवसुमन आणि माकडशिंग: गल्लत कुठे होते?

रुईच्या कुळातील शिवसुमन आणि माकडशिंग या दोन्ही मांसल खोडांच्या वनस्पती खडकाळ जागी वाढतात, आणि काही भागांत दोघींनाही शिंदळ माकुडीच म्हणतात. मात्र माकडशिंग भारतातील अनेक राज्यांच्या कोरड्या माळांवर आढळते, तर शिवसुमन, म्हणजे फ्रेरिया इंडिका, जगात फक्त महाराष्ट्रात आहे. शिवनेरी, पुरंदर, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणांच्या उभ्या कातळात, जिथे बेचक्यांत जेमतेम मूठभर माती साठते, तिथे ते तग धरून असते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात त्याचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव त्याला दिले.

पावसाळ्यात गल्लत होण्याचे कारणच नाही, कारण शिवसुमनाला तेव्हा जाडसर, लांबट पाने असतात. या गटातील वनस्पतींत अशी खरीखुरी पाने विरळाच. माकडशिंगाची पाने तर इतकी बारीक असतात आणि इतक्या लवकर गळतात की ते निष्पर्णच भासते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात शिवसुमनावर सुमारे दोन सेंटीमीटरची, चांदणीसारखी पसरट, गडद किरमिजी फुले येतात आणि त्यांच्यावर पिवळे डाग असतात. माकडशिंगाची फुले मात्र निमुळत्या शेंड्याकडे खाली झुकलेली असतात आणि त्यांच्या पाकळ्यांच्या कडांना केसांची झालर असते.

खरी अडचण उन्हाळ्यात येते. तेव्हा शिवसुमनाची पाने गळून नुसते खोड उरते, आणि म्हणून ओळख पानांवरून नव्हे तर खोडावरून पक्की करावी: माकडशिंगाचे खोड चौकोनी आणि उभे असते, शिवसुमनाचे गोल असून कड्यावरून लोंबते किंवा खडकावर पसरते.

हा फरक माहीत असणे गरजेचे आहे, कारण माकडशिंगाची कोवळी खोडे खाल्ली जातात, भूक मारणारे औषध म्हणून त्याच्या अर्काला बाजारात मागणीही आहे, आणि त्याच्या शोधात निघालेल्या हाताला शिवसुमन उपटायला क्षणही पुरतो. शिवसुमनाची फांदी रोपवाटिकेत सहज मूळ धरते हे खरे, पण अशी सारी रोपे मूळ झाडाचीच प्रतिकृती असतात. जातीतले वैविध्य बियांतून येते, आणि बिया धरायला कड्यावर निरनिराळी झाडे जिवंत असावी लागतात.