घरगुती ग्राफिक्स कार्ड

तयार ग्राफिक्स चिप न वापरता, सुटे आयसी (छोट्या चिप), रेझिस्टर आणि ठराविक वेगाने ठोके देणारा क्रिस्टल ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) जोडून मॉनिटरवर चित्र उमटवणारे मंडल. यात मायक्रोप्रोसेसरही लागत नाही. १९७२ सालचा पाँग हा खेळ असाच सुट्या लॉजिक आयसींवर चालत असे. घरी बांधताना बहुधा व्हीजीए जोडणी (आयबीएम, १९८७) निवडतात. तिच्यात लाल, हिरवा, निळा, दोन सिंक (ओळ आणि पडदा कुठे सुरू होतो ते मॉनिटरला सांगणारे इशारे) आणि ग्राउंड एवढ्याच तारा सांभाळायच्या असतात. शिवाय विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचा मॉनिटर भंगारात सापडू शकतो.

सगळा खेळ मोजणीचा आहे. ८०० × ६०० च्या चित्रासाठी ४० मेगाहर्ट्झचा ठोका लागतो. ब्रेडबोर्डला तो झेपत नाही, म्हणून १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून आडवे आकडे चौथाई करतात. मग एक ओळ २६४ ठोक्यांत बसते: २०० चित्राचे, १० कोरे, ३२ सिंकचे आणि पुन्हा २२ कोरे. अशा ६२८ ओळी झाल्या की एक पडदा पुरा होतो; सेकंदाला साधारण ६०. मोजायला ७४एलएस१६१ हे चार बिटांचे गणक एकापुढे एक तीन लावतात. २६४ ओळखण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. २६४ म्हणजे २५६ अधिक ८, आणि शून्यापासून मोजत आल्यास ही दोन बिटे एकत्र पहिल्यांदा इथेच १ होतात. तेवढ्या दोन तारा नँड गेटला (दोन्ही १ झाल्या तरच ० देणारे मंडल) दिल्या की गणक आपोआप शून्यावर येतो.

प्रत्येक रंगाला ६८० ओहम आणि १.५ किलोओहम असे दोन रेझिस्टर पुरतात. मॉनिटरच्या आतले ७५ ओहम धरून ५ व्होल्टचे जास्तीत जास्त ०.७ व्होल्ट होतात आणि चार छटा (शून्य ते तीन) मिळतात. तिन्ही रंगांचे मिळून ६४. लाल दोन, हिरवा एक, निळा शून्य केला की तपकिरी येतो. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचे चित्र काढले तर त्याला तो छान शोभतो. कोऱ्या ठोक्यांत मात्र रंगाच्या तारा शून्यावरच हव्यात, नाहीतर मॉनिटर काळ्याची पातळी चुकीची धरतो आणि चित्र अंधारते.

चित्र २८सी२५६ या ईईप्रॉम प्रकारच्या मेमरी चिपमध्ये ठेवता येते. १५० नॅनोसेकंदांचा हा आयसी १०० नॅनोसेकंदांच्या ठोक्याला पुरत नाही, म्हणून एक ठिपका दोन ठोके धरून ठेवतात. उभ्या अंगाने तोच ठिपका आठ ओळी चालवला की चित्र १०० × ७५ चे होते. बैलाची शिंगे पायऱ्यापायऱ्यांची दिसतात. पण लाइन गेली तरी चित्र पुसले जात नाही. हलते चित्र हवे असलेले रॅम वापरतात आणि लोडशेडिंग संपले की ती पुन्हा भरत बसतात.

रेझिस्टर, कपॅसिटर टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतात. ७४ मालिकेसाठी बहुधा नागपूरची सीताबर्डी किंवा कुरिअर. वीज मोबाइल चार्जरची चालते. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये आयसीची चिंता नको, ते ७० अंशांपर्यंत तग धरतात. माणूस आधी उठतो. जुना डब्बा मॉनिटर मात्र उघडू नये, बंद केल्यावरही त्यात हजारो व्होल्ट राहू शकतात.

प्रत्येक आयसीच्या वीजपायांपाशी ‘१०४’ (०.१ मायक्रोफॅरॅड) छापलेला चकतीसारखा कपॅसिटर वीज स्थिर राहावी म्हणून लावतात. प्रस्तुत लेखकाने तो क्षुल्लक समजून वगळला होता. मॉनिटर कधी ‘आउट ऑफ रेंज’ म्हणे, कधी ओळी थरथरत. दोन संध्याकाळी तारा उपसण्यात गेल्या आणि नऊ कपॅसिटर लावताच बैल जागच्या जागी उभा राहिला.