पेशींना कडकपणा कळतो

पाठीवर माणसाचा कान उगवलेल्या उंदराचा फोटो आजही ‘जनुकं बदलून केलेला अघोरी प्रयोग’ अशा मथळ्याखाली फिरत असतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कानासाठी एकही जनुक बदललं नव्हतं. विरघळणाऱ्या पॉलिमरच्या धाग्यांचा कानाच्या आकाराचा सच्छिद्र साचा केला, त्यात वासराच्या कूर्चेच्या, म्हणजे कानात आणि सांध्यांत असणाऱ्या लवचिक ऊतीच्या, पेशी सोडल्या आणि तो उंदराच्या कातडीखाली बसवला. अशा साच्याला स्कॅफोल्ड म्हणतात.

मोडलेलं हाड सहसा आपलं आपण जुळतं, कारण त्यात भरपूर रक्तवाहिन्या असतात. पण अपघातात किंवा गाठ काढताना मोठा तुकडाच गेला, तर ती पोकळी भरत नाही. तिथे कॅल्शियम फॉस्फेटचा स्कॅफोल्ड बसवता येतो. त्यातली छिद्रं साधारण ३०० मायक्रोमीटरची, एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर आत रक्तवाहिन्या शिरत नाहीत आणि मधल्या पेशी उपाशी मरतात. कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नाहीत आणि पेशीही अगदी विरळ. गेलेली कूर्चा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवलं होतं. म्हणूनच ‘तेल चोळा, गुडघ्याची गादी परत येईल’ या जाहिरातींवर मुळीच विश्वास ठेवू नये. मूलपेशींचं (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशींचं) एक इंजेक्शन देऊन नवा गुडघा मिळवून देण्याचं आश्वासनही त्याच माळेतलं.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती पेशीची स्पर्शाची जाण. २००६ मध्ये अ‍ॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. पोषणद्रव्य सगळीकडे तेच. एक किलोपास्कलच्या (हे कडकपणा मोजायचं एकक) आतल्या, मेंदूइतक्या मऊ जेलवर पेशी चेतापेशींच्या वळणावर गेल्या, दहा-बारा किलोपास्कलला स्नायूंच्या, तर २५ ते ४० किलोपास्कलला हाडाच्या.

पेशीला कडकपणा कळतो तो ओढून बघितल्यामुळे. तिच्या आवरणातली इंटेग्रिन नावाची प्रथिनं बाहेरच्या पृष्ठभागाला धरतात. आत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू असतात आणि मायोसिन हे दुसरं प्रथिन त्यांना खेचतं. खुंटीला बांधलेला दोर ओढला की ताणला जातो, सैल दोर नुसता हातात येतो, तसंच हे. पृष्ठभाग कडक असेल तर तंतूंवर ताण येतो, पेशी पसरते आणि वायएपी व टॅझ ही प्रथिनं केंद्रकात शिरतात. तिथे ती टीईएडी प्रथिनांशी जोडली जाऊन ठरावीक जनुकं चालू करतात. मऊ पृष्ठभागावर ती बहुतेक केंद्रकाबाहेरच राहतात. म्हणजे स्कॅफोल्ड किती कडक आहे, हीच पेशीला मिळालेली सूचना असते.

त्यात हा स्कॅफोल्ड हळूहळू विरघळायचा असतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा असेल तर पाण्याने तुटून त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. ते फार वेगाने साचलं तर आजूबाजूच्या पेशींना त्रास होतो. उलट स्कॅफोल्ड फार काळ टिकला तर भार तोच पेलत राहतो, आणि भाराविना नवं हाड बळकट होत नाही.

गुडघ्यात तर वर मऊ, निसरडी कूर्चा आणि खाली टणक हाड, दोन्ही एकाच तुकड्यात हवीत. त्यासाठी दोन थरांचे स्कॅफोल्ड बनवतात. निसर्गात या दोहोंमध्ये कॅल्शियमचे क्षार साचलेल्या कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो आणि कडकपणा टप्प्याटप्प्याने वाढत जातो. कृत्रिम तुकड्यात हा सांधा चालताना पडणाऱ्या भाराने सुटू शकतो. शिवाय नव्या कूर्चेची कड शेजारच्या जुन्या कूर्चेत नीट मिसळत नाही, आणि सध्या खरी झटापट या दोन सीमांवरच चालू आहे.