सरावात कोण मेलं, हे कोण ठरवतं?

२०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस राजस्थान आणि गुजरातच्या सीमेलगतच्या आकाशाचा मोठा पट्टा काही दिवसांसाठी राखून ठेवल्याची सूचना निघाली. विमानचालकांसाठीच्या अशा सूचनेला ‘नोटॅम’ म्हणतात. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशे फिरू लागले आणि ‘युद्ध अटळ’ असे मथळे झळकले. प्रत्यक्षात तो ‘त्रिशूल’ हा तिन्ही दलांचा संयुक्त सराव होता. त्यात मुंबईत मुख्यालय असलेली नौदलाची पश्चिम कमांड, पुण्यातली लष्कराची दक्षिण कमांड आणि हवाई दलाची दक्षिण-पश्चिम कमांड आघाडीवर होत्या. नोटॅम काढायचा तो प्रवासी विमान चुकून तोफगोळ्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून. सरावाच्या आखणीतलं ते एका अधिकाऱ्याचं नेमून दिलेलं काम असतं आणि त्याने ते केलं नाही तर खरी माणसं मरतात.

शेजाऱ्याला आधी कळवणं हेसुद्धा आखणीतच येतं. १९८६-८७ च्या हिवाळ्यात जनरल सुंदरजी लष्करप्रमुख असताना राजस्थानात ‘ब्रासस्टॅक्स’ नावाचा प्रचंड सराव झाला. हा सराव आहे की चढाईची तयारी, हे पाकिस्तानला उमगेना. त्यांनीही सैन्य हलवलं आणि जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. त्यातून धडा घेऊन ६ एप्रिल १९९१ रोजी दोन्ही देशांनी करार केला. मोठ्या सरावांची आगाऊ सूचना द्यायची आणि कोअर (अनेक डिव्हिजन मिळून बनलेली मोठी फौज) पातळीवरची जमवाजमव सीमेपासून ४५ किलोमीटर लांब ठेवायची, असं त्यात ठरलं.

पण मला सरावांचं कुतूहल आहे ते वेगळ्याच कारणाने. हजारो माणसं, रणगाडे, विमानं मैदानात उतरतात आणि गोळ्या मात्र खोट्या असतात. मग कोण जिंकलं, कोण मेलं, कुठला पूल उडाला, हे ठरवतं कोण? सगळ्या आखणीचा प्राण या एका प्रश्नात आहे आणि नेमका तोच बातम्यांत कधी येत नाही.

आधी माणसं कोण कोण असतात ते पाहू. सराव भरवायचा निर्णय एकाचा, तो पार पाडण्याची जबाबदारी दुसऱ्याची आणि रोजच्या रोज नियंत्रण कक्षातून तो हाकणारा संचालक तिसरा. नाटोच्या पद्धतीत ही तीन वेगळी पदं आहेत. सरावाआधी काही महिने नियोजनाच्या बैठका होतात. पहिलीत उद्दिष्टं ठरतात, मधलीत घटनांचा आराखडा होतो, शेवटचीत कोण, कुठे, किती वाजता हे पक्कं होतं. मग एक गट घटनांची यादी लिहितो. अमुक दिवशी पहाटे अमुक पूल तुटला, अमुक गावातून निर्वासितांचा लोंढा निघाला, असे प्रसंग ठरल्या वेळी खेळणाऱ्यांच्या अंगावर टाकायचे असतात. निळी बाजू म्हणजे ज्यांचं प्रशिक्षण चाललंय ते. लाल बाजू म्हणजे शत्रूची भूमिका करणारे. सुरक्षा अधिकारी वेगळा, आणि त्याला कुठल्याही क्षणी सगळं थांबवायचा अधिकार असतो. ब्रिटिश परंपरेतल्या सैन्यांत रेडिओवर ‘नो डफ’ हे शब्द ऐकू आले की जखमी खरा आहे, असं समजून सगळे नाटक सोडून धावतात.

आणि या सगळ्यांच्या मध्ये उभा असतो तो पंच.

त्याची गोष्ट प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्यात सुरू होते. १८२४ मध्ये गेओर्ग फॉन राइसविट्झ या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने वडिलांनी रचलेला युद्धाचा खेळ सुधारून वरिष्ठांपुढे मांडला. १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा, त्यावर सैन्याचे ठोकळे आणि दोन मिनिटांची एक चाल. दोन्ही बाजू आपापले हुकूम लेखी देत आणि एकमेकांना काय दिसतं ते पंचच ठरवत असे. गोळीबाराचा परिणाम काढायला त्याच्याकडे कोष्टकं होती आणि फासे होते.

फासे कशाला? सरासरी काढून चालली नसती का? इथे जरा गणित करू. समजा, एका तोफेचा गोळा लागण्याची शक्यता सहात एक आहे आणि तुम्ही १२ गोळे डागले. सरासरी २ लागायला हवेत. पण एकही न लागण्याची शक्यता ५/६ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ११ टक्के येते. चार किंवा त्याहून जास्त लागण्याची शक्यता साडेबारा टक्के, म्हणजे आठ वेळांत एकदा. सरासरी धरून योजना आखणारा सेनापती या दोन्ही टोकांना उघडा पडतो, आणि दोन्ही मिळून चारात एकदा येतातच. फासा त्याला या टोकांशी आधीच गाठ घालून देतो.

दुसरं गणित याहून सुंदर आहे. फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज मोटार अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्याने विचार केला, की नेम धरून मारणाऱ्या दोन फौजा समोरासमोर आल्या तर काय होईल? माझी माणसं दर मिनिटाला किती पडतील हे तुमच्या बंदुका किती यावर ठरतं आणि तुमची किती पडतील हे माझ्या बंदुकांवर. दोन्हींची घसरण एकमेकांना बांधलेली आहे. ही दोन समीकरणं एकत्र सोडवली की उत्तर येतं ते संख्येच्या वर्गात. १०० विरुद्ध ८०, नेमबाजी सारखीच, शेवटपर्यंत लढाई. मोठ्या बाजूचे २० उरतील असं कुणालाही वाटेल. पण १०० चा वर्ग १०,०००, ८० चा ६,४००, फरक ३,६०० आणि त्याचं वर्गमूळ ६०. म्हणजे ऐंशीच्या ऐंशी मारून ६० जण उभे राहतील.

आता त्याच ८० जणांना ४०-४० च्या दोन तुकड्यांत गाठा. पहिली संपवल्यावर तुमचे सुमारे ९२ उरतात आणि दुसरी संपवल्यावर ८२. शत्रूची संख्या तीच, बंदुका त्याच, तरी तुमची हानी ४० वरून १८ वर आली. फौज विखरू नये, शत्रूला तुकड्यातुकड्यांत गाठावं, हे लढवय्यांचं जुनं शहाणपण दोन समीकरणांतून असं बाहेर पडतं. याचीच दुसरी बाजू म्हणजे निम्म्या संख्येने बरोबरी साधायची तर प्रत्येकाचा मारा चौपट परिणामकारक असावा लागतो, दुप्पट पुरत नाही. अर्थात हे सूत्र उघड्या मैदानाचं आहे. तोफा अंदाजाने एखाद्या भागावर आग ओकत असतील तर वर्गाचा नियम लागू होत नाही, साधं प्रमाण लागू होतं. आणि घाबरून पळणारा माणूस या समीकरणात नाही. म्हणून कोष्टक हातात असलं तरी पंचाला डोळे उघडे ठेवावे लागतात.

कोष्टक लिहिणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, हे सप्टेंबर १९४१ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात दिसलं. जवळपास ४ लाख सैनिकांचा तो सराव होता. विमानांतून बॉम्ब म्हणून पिठाच्या पिशव्या टाकल्या जात, तर ट्रकवरचे कर्णे लढाईचा आवाज करत. दोन तुकड्या भिडल्या की पंच झेंडा दाखवून त्यांना थांबवत, दोन्हींकडच्या बंदुका मोजत, माऱ्याचे गुण काढत आणि कोणी मागे हटायचं ते सांगत. संचालक होते जनरल लेस्ली मॅकनेअर. पंचांची नियमपुस्तिकाही त्यांचीच. रणगाडे थोपवायला रणगाडाविरोधी तोफाच हव्यात, या मताचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. नियम असा होता, की तोफ रणगाड्याला दुरून मारू शकते, रणगाड्याला मात्र तोफ निकामी करायची तर तिच्यावर चाल करून ती चिरडावी लागते. खऱ्या लढाईत रणगाडा तोफेवर दुरून गोळा डागतोच. सरावात रणगाडाविरोधी तोफा प्रभावी ठरल्या आणि त्या वर्षअखेरीस अमेरिकेने अशा शस्त्रांच्या वेगळ्या पलटणी उभारल्या. महायुद्ध संपल्यावर त्या मोडीत निघाल्या. मॅकनेअर अप्रामाणिक नव्हते, अत्यंत कष्टाळू संचालक होते. पण ज्या मताची परीक्षा घ्यायची, त्याच मताच्या माणसाने उत्तरपत्रिका तपासायचे नियम लिहिले, ही आखणीतली चूक होती.

१९८० च्या सुमारास अमेरिकी सैन्याने पंचाचं बरंचसं काम लेझरवर सोपवलं. बंदुकीच्या नळीवर एक पेटी बसवतात. खोटं काडतूस उडालं की ती पेटी अदृश्य अवरक्त लेझरचा सांकेतिक झोत सोडते. त्या संकेतात कुठलं शस्त्र आहे ते लिहिलेलं असतं. समोरच्याच्या अंगावरच्या पट्ट्यावर आणि शिरस्त्राणावर संवेदक असतात. झोत जवळून गेला तर क्षणभर पिपाणी वाजते, नेमका लागला तर वाजतच राहते. सुरुवातीच्या संचांत ती बंद करायचा एकच मार्ग होता. आपल्याच बंदुकीवरच्या पेटीतली पिवळी किल्ली काढून पट्ट्यात घालायची. किल्ली काढली की आपली बंदूक मुकी होते. मेलेला माणूस गोळी झाडू शकत नाही, हा नियम एका किल्लीत बसवला होता. रायफलचा संकेत रणगाड्याच्या संवेदकावर पडला तर रणगाडा तो मानतच नाही. रणगाडाविरोधी अस्त्राचा पडला तर आतली चिप शक्यतेच्या कोष्टकातून रणगाडा मेला की वाचला ते काढते. राइसविट्झचा फासा तिथे असा चिपमध्ये जाऊन बसला.

तरी माणूस सुटला नाही. लेझर सरळ जातो. खरी गोळी झुडपातून आरपार जाते, लेझर पानांवर अडतो. त्यामुळे पोरं झुडपामागे बसून सुरक्षित राहायला शिकतात, आणि ही सवय लढाईत जीव घेईल. टेकडीपलीकडून येणारा तोफगोळा तर लेझरने दाखवताच येत नाही. तिथे आजही पंच लागतो, हातात स्वतःची लेझर बंदूक घेऊन, जिच्याने तो कुणालाही मारू किंवा जिवंत करू शकतो.

जिवंत करण्याचा हा अधिकार फार जपून वापरायचा असतो. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने ‘यामातो’ या युद्धनौकेवर प्रशांत महासागरातल्या मिडवे या अमेरिकी बेटावरच्या मोहिमेचा पट मांडला. अध्यक्षस्थानी होते ॲडमिरल उगाकी, म्हणजे मोहीम आखणाऱ्या ताफ्याचेच ‘चीफ ऑफ स्टाफ’. त्या पटावरचे एक पंच ओकुमिया यांनी युद्धानंतर लिहिलेल्या हकिगतीनुसार, मिडवेवरून आलेल्या अमेरिकी विमानांच्या हल्ल्याचा फासा टाकला तेव्हा नऊ बॉम्ब लागले आणि ‘अकागी’ आणि ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्या. उगाकींनी नवाचे तीन केले. एकच नौका बुडाली असं ठरलं आणि पुढच्या टप्प्यात ‘कागा’ पुन्हा तरंगताना दिसली. ४ जून रोजी सुरू झालेल्या खऱ्या लढाईत या दोघींसह जपानच्या चार विमानवाहू नौका गेल्या.

ही गोष्ट नेहमी उगाकींची फजिती म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. बेटावरून उडालेल्या विमानांचा त्या दिवशी एकही बॉम्ब त्या नौकांना लागला नाही. घाव घातला तो अमेरिकी नौकांवरून उडालेल्या विमानांनी. म्हणजे नवाचे तीन करणं हे गणित म्हणून वावगं नव्हतं. वाईट झालं ते नंतर. नौका गमावल्यावर मोहीम कशी चालवायची, हा प्रश्न फाशाने टेबलावर ठेवला होता. बुडालेली नौका वर काढताच तो प्रश्नही पुसला गेला. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट तोच अंपायर झाला की जे होतं, तेच त्या टेबलावर झालं.

साठ वर्षांनी अमेरिकेने हाच प्रयोग २५ कोटी डॉलर खर्चून केला. २००२ च्या ‘मिलेनियम चॅलेंज’ या सरावात साडेतेरा हजार माणसं होती, काही मैदानात, बरीचशी संगणकावर. लाल बाजूचे प्रमुख होते मरीन दलाचे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर. निळ्यांकडे दूरसंचार ऐकण्याची अफाट साधनं होती, म्हणून व्हॅन रायपर यांनी रेडिओ बंद ठेवला आणि निरोप मोटारसायकलवरून धाडले. निळ्यांकडून शरण येण्याचा इशारा येताच त्यांनी क्षेपणास्त्रं आणि लहान होड्या एकदम सोडल्या. निळ्यांच्या १६ नौका बुडाल्या.

संचालकांनी त्या नौका पुन्हा वर काढल्या. इथपर्यंत मी त्यांच्या बाजूने आहे. पुढच्या दिवसांसाठी हजारो सैनिक, विमानं, मैदानं ठरलेली होती, आणि पहिल्याच घावात सगळ्यांना घरी पाठवलं तर त्यांचं प्रशिक्षण बुडालं असतं. पण नंतर लाल बाजूला विमानविरोधी रडार कुठे उघडी ठेवायची आणि कुठली विमानं पाडायची नाहीत, हेही सांगितलं गेलं. व्हॅन रायपर यांनी मधेच ती भूमिका सोडली. सराव दोन कामांसाठी भरवला होता, सैन्याला शिकवायला आणि नव्या कल्पना तपासायला. शिकवताना नौका वर काढता येते, तपासताना शत्रूचे हात बांधता येत नाहीत. ही दोन कामं एकाच संचालकाच्या गळ्यात घातली, तिथे आखणी फसली.

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या फोर्ट अर्विन इथल्या प्रशिक्षण केंद्रात ही विभागणी चांगली सांभाळलेली दिसते. तिथे शत्रूची भूमिका करणारी रेजिमेंट कायमची मुक्कामाला आहे. तिला जागेचा दगडन्‌दगड माहीत आहे आणि पाहुण्या तुकड्यांना ती बहुतेकदा हरवते. निरीक्षक-प्रशिक्षक पाहुण्या तुकडीच्या हाताखालचे नसतात, केंद्राचे असतात. लढाई संपली की काही तासांत सगळे एकत्र बसतात. कोण कुठे होतं, कोणाचा झोत कोणाला लागला, याची नोंद पडद्यावर येते. पहिला प्रश्न ‘काय व्हायला हवं होतं’, दुसरा ‘काय झालं’, तिसरा ‘का’. कर्नलच्या योजनेतली खोट साधा सैनिक त्याच्यासमोर बोलून दाखवतो आणि निरीक्षक त्याला बोलू देतो.