व्यायाम व्यवसायातील लक्ष्यगट व कोनाडा

व्यायामशाळा, योगवर्ग किंवा धावण्याचे प्रशिक्षण यांसारखा शुल्क घेऊन चालणारा व्यवसाय ज्या ठरावीक लोकांना समोर ठेवून उभा केला जातो, ते लोक म्हणजे त्या व्यवसायाचा लक्ष्यगट. आणि त्या गटाची जी गरज परिसरात दुसऱ्या कोणी नीट भागवलेली नसते, ती भागवून मिळवलेली जागा म्हणजे त्या व्यवसायाचा कोनाडा. इंग्रजीत अशा जागेला ‘नीश’ म्हणतात. हा मूळ फ्रेंच शब्द असून मूर्ती ठेवण्यासाठी भिंतीत केलेली पोकळी, म्हणजे आपल्या जुन्या घरांतला कोनाडाच, हा त्याचा अर्थ आहे. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पक्ष्याच्या निसर्गातील स्थानाविषयी लिहिताना तो वापरला आणि पुढे तो व्यापाराच्या परिभाषेतही रुळला. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नसल्यामुळे या नोंदीत ‘कोनाडा’ हाच शब्द घेतला आहे. कोनाड्यात मावेल तेवढेच ठेवता येते, ही त्या शब्दातली सूचनाही या विषयाला लागू पडते.

सर्वांना एकच माल विकण्यापेक्षा मागणीतले फरक ओळखून बाजाराचे भाग पाडावेत, हा विचार अमेरिकन विपणनतज्ज्ञ वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मधील एका लेखात सूत्रबद्ध केला. वय, लिंग, उत्पन्न व वस्ती या त्यातील नेहमीच्या कसोट्या होत. व्यायामाच्या व्यवसायात त्या अपुऱ्या पडतात, कारण येथील खरा प्रतिस्पर्धी बहुधा शेजारची व्यायामशाळा नसून घरी बसून राहणे हा असतो. एकाच इमारतीत राहणाऱ्या, एकाच वयाच्या आणि सारख्याच मिळकतीच्या दोन स्त्रियांपैकी एक वेळ नाही म्हणून व्यायाम करीत नाही, तर दुसरी पुरुषांच्या नजरेच्या संकोचामुळे. त्यामुळे दोघींसाठी उभारायची सेवा वेगळी ठरते. म्हणून व्यायामाचा प्रकार आधी ठरवून त्याला गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा, माणसाला व्यायामापासून दूर ठेवणारी अडचण आधी ओळखणे अधिक उपयोगी असते.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील ‘कर्व्ह्‌ज’ या साखळीचे आहे. गॅरी व डायन हेविन या दांपत्याने १९९२ मध्ये टेक्सासमधील हार्लिंजन या गावी तिचे पहिले केंद्र काढले. प्रवेश फक्त स्त्रियांना, भिंतीवर आरसे नाहीत आणि व्यायाम अर्ध्या तासात संपणारा, अशी तिची रचना होती. यंत्रे वर्तुळात मांडलेली असत आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने पुढच्या जागी सरकायचे असे. जितक्या जोराने ढकलावे तितका विरोध करणारी द्रवदाबाची यंत्रे असल्याने वजने बदलण्याची किंवा ती उचलता येत नाहीत म्हणून ओशाळण्याची वेळ येत नसे. संकोच, वेळ आणि अज्ञान या तिन्ही अडचणींना एकाच मांडणीत उत्तर मिळाले होते. जागा लहान आणि यंत्रे मोजकी असल्यामुळे मोठी व्यायामशाळा परवडणार नाही अशा गावांतही केंद्र काढता येई, आणि २००० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरातील केंद्रांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली. पुढे मात्र अमेरिकेतील बहुतेक केंद्रे बंद पडली. ही रचना नक्कल करायला सोपी होती, आणि अंगात ताकद आल्यावर पुढे काय करायचे याचे उत्तर त्या वर्तुळात नव्हते.

हीच पद्धत २००५ मध्ये जपानमध्ये गेली आणि तेथे टिकली. तेथील केंद्रांची संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली. सभासद प्रामुख्याने पन्नाशीपुढच्या स्त्रिया आहेत. वजन घटवण्यापेक्षा म्हातारपणी चालतेफिरते राहणे हा तेथे हेतू झाला, आणि या हेतूला ‘आता पुरे’ म्हणण्याचा दिवस येत नाही. पुढे २०१८ मध्ये जपानी कंपनीनेच मूळ आंतरराष्ट्रीय कंपनी विकत घेतली. कोनाडा तोच, फरक पडला तो आत येणाऱ्या माणसाच्या कारणात.

लक्ष्यगट निवडताना उत्पन्नाचा मार्गही ठरून जातो. स्टेफानो डेलाविन्या व उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या नोंदींवरून २००६ मध्ये दाखवले की, महिन्याला सत्तरहून अधिक डॉलर भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना सतराहून अधिक डॉलर पडत, जेव्हा तेथेच दहा खेपांचा पास घेतला तर एक खेप दहा डॉलरांत पडली असती. न येणाऱ्यांच्या पैशांवर येणाऱ्यांची सोय होते, हे या धंद्यातले उघड गुपित आहे. ‘प्लॅनेट फिटनेस’ या १९९२ मध्येच न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झालेल्या साखळीने अधूनमधून येणारा, दंड फुगवून दाखवणाऱ्यांना बिचकणारा माणूस हाच लक्ष्यगट मानला. महिना दहा डॉलर इतके शुल्क तिने दीर्घकाळ कायम ठेवले आणि वजने आदळून हुंकार देणाऱ्यांसाठी चक्क भोंगा बसवला. कोण नको हे इतक्या उघडपणे सांगणारी दुसरी साखळी विरळा. उलट लहान वर्गांत, जेथे शिक्षक प्रत्येकाला नावाने ओळखतो, तेथे सभासद सलग बरेच दिवस आला नाही तर पुढचे शुल्कही येणार नाही असे समजावे.

वापरणारा आणि पैसे भरणारा एकच असतो असेही नाही. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी १९९२ पासून चालणाऱ्या ‘सिल्व्हरस्नीकर्स’ योजनेत शुल्क आरोग्यविमा कंपन्या भरतात.

महाराष्ट्रात तालीम व आखाड्यांची परंपरा जुनी असली, तरी ती मुख्यतः देणगी, लोकाश्रय आणि उस्तादाच्या शब्दावर चालली. गिऱ्हाईक निवडण्याचा प्रश्न तेथे फारसा नव्हता. व्यावसायिक बाजूने पाहता तळवलकर कुटुंबाची व्यायामशाळांची वाटचाल १९३२ पासून सांगितली जाते. तालुक्याच्या गावांत जिमचालक दुपारची रिकामी वेळ ‘लेडीज बॅच’ म्हणून राखून ठेवतात. भाडे तेच, यंत्रे तीच, गट मात्र नवा. या धंद्याचा पहिला नियम अंतराचा असल्याने, दहा-पंधरा मिनिटांच्या पलीकडून रोज कोणी येत नाही आणि चालकाला आपल्या गल्लीबोळांतच असे दुसरे-तिसरे गट शोधावे लागतात.

राज्यातला सर्वांत रेखीव कोनाडा मात्र पोलीस व सैन्य भरतीच्या अकादमींचा आहे, जरी तो चालवणारे त्याला या नावाने ओळखत नसले तरी. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते : पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे, स्त्रियांसाठी ८०० मीटर, आणि दोघांसाठी १०० मीटर धावणे व गोळाफेक. गिऱ्हाईकाला काय हवे ते सेकंदांत आणि मीटरांत आधीच ठरलेले असते. त्यामुळे पहाटेचे ‘ग्राउंड’, दिवसा लेखी परीक्षेचा वर्ग आणि राहण्या-जेवणाची सोय, असा एकत्र संसार तेथे थाटता येतो. शेतकरी घरातला मुलगा-मुलगी वर्षभराचा खर्च नोकरीच्या आशेवर काढतात. याच रेखीवपणामुळे तो नाजूकही आहे. निवड झालेला उमेदवार निघून जातो, वयोमर्यादा ओलांडलेलाही जातो, आणि जाहिरात लांबली की नवी तुकडी भरत नाही. जपानातल्या पन्नाशीच्या बाईप्रमाणे येथे कोणी दहा वर्षे येत राहत नाही. म्हणून अशा अकादमीची सर्वांत मोठी जाहिरात म्हणजे दारावर लावलेला, निवड झालेल्यांच्या छायाचित्रांचा फलक, आणि तो प्रत्येक भरतीनंतर नव्याने भरावा लागतो.