डायनॅमिक रेंज आणि रिझोल्यूशन (कॅमेरा सेन्सर)

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर एकाच चित्रात किती गडद सावलीपासून किती प्रखर उजेडापर्यंतचा तपशील पकडू शकतो, ती त्याची डायनॅमिक रेंज. तो तपशील किती बारकाईने उमटतो, ते रिझोल्यूशन. डायनॅमिक रेंज स्टॉपमध्ये मोजतात आणि प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो. म्हणजे १४ स्टॉपच्या रेंजमध्ये सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांत १६,३८४ पटींचे अंतर मावते. रिझोल्यूशनसाठी मेगापिक्सेलचा आकडा सांगण्याची पद्धत आहे, तो खोक्यावर ठळक छापलेला असतो. त्यामुळे कॅमेरा घेताना सगळे लक्ष त्याच्याकडे जाते, आणि चित्र अनेकदा बिघडते ते मात्र डायनॅमिक रेंज अपुरी पडल्यामुळे.

माजघरात उभे राहून उघड्या दारातून दुपारचे अंगण टिपायचे आहे असे समजा. घरातल्या उजेडाला धरून एक्स्पोजर दिले, तर अंगण पांढरे फटक पडते. तुळशीवृंदावनाची उन्हाकडची बाजू त्यात विरून जाते आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ती परत येत नाही. अंगणाला धरून दिले, तर माजघर काळे होते. पण रॉ फाइल (सेन्सरने नोंदवलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) उघडून हा काळा भाग उजळवता येतो, आणि सेन्सरची खरी परीक्षा तिथे होते. चांगल्या सेन्सरच्या फाइलमध्ये फडताळावरच्या तांब्याचा काठ हळूहळू अंधारातून वर येतो. कमी रेंजच्या सेन्सरमध्ये त्याच जागी लाल-हिरवे ठिपके येतात, कधी आडव्याउभ्या रेघांचे पट्टे दिसू लागतात.

याचे कारण पिक्सेलच्या कामात आहे. पिक्सेलवर प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन साठतात. किती मावतील याला मर्यादा असते. तिला फुल वेल कपॅसिटी म्हणतात. ती भरली की पुढचा उजेड वाया जातो. दुसऱ्या टोकाला रीड नॉइज, म्हणजे साठलेले इलेक्ट्रॉन मोजताना सर्किटमधून येणारी चूक. संकेत तिच्याखाली गेला की तो ओळखू येत नाही. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे डायनॅमिक रेंज.

‘पिक्सेल वाढले की रेंज घटते’ हे छायाचित्रकारांत सर्रास ऐकू येणारे विधान इथूनच आले. ते अर्धेच खरे आहे. उदाहरणादाखल एका पिक्सेलमध्ये ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन आहे असे धरू. रेंज सुमारे १४ स्टॉप येते. आता त्याच जागेत चार छोटे पिक्सेल बसवले. प्रत्येकात १२,५०० मावतील, आणि रीड नॉइज तेवढाच राहिला तर प्रत्येकाची रेंज १२ स्टॉपवर येईल. पण चित्र आपण एकेक पिक्सेल सुटा करून पाहत नाही. चौघांची बेरीज केली की क्षमता पुन्हा ५०,००० होते. नॉइज मात्र चौपट न होता दुप्पट, म्हणजे ६ होतो, कारण चुका परस्परांना काही अंशी छेदतात. रेंज १३ स्टॉप. रीड नॉइज निम्मा करता आला, तर पूर्ण १४ स्टॉप परत मिळतात आणि रिझोल्यूशनही चौपट राहते. तेव्हा पिक्सेल मोजण्याआधी सेन्सरचे एकूण क्षेत्रफळ आणि रीड नॉइज पाहायला हवेत.

हे २०१२ साली सर्वांसमोर आले. निकॉनने त्या वर्षी दोन फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचे) कॅमेरे आणले: १६.२ मेगापिक्सेलचा डी४ आणि ३६.३ मेगापिक्सेलचा डी८००. जुन्या समजुतीप्रमाणे मोठ्या पिक्सेलचा डी४ रेंजमध्ये सरस ठरायला हवा होता. सेन्सरच्या चाचण्या घेणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत, चित्रे एकाच आकाराला आणल्यावर, डी८००ला १४.४ आणि डी४ला १३.१ स्टॉप मिळाले. डी८००चा सेन्सर सोनीने बनवला होता. त्यात प्रत्येक स्तंभाचा संकेत चिपवरच अंकांत बदलला जातो, त्यामुळे वाटेत मिसळणारा नॉइज फारच कमी. मात्र हा निकाल सर्वांत कमी आयएसओचा, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवल्यावरचा. आयएसओ वाढवत नेले की डी४ पुढे जातो, आणि मैदानावर सेकंदाला १० चित्रे घेणाऱ्या क्रीडा छायाचित्रकाराला तेच हवे असते.

रेंजसाठी रिझोल्यूशनवर जाणीवपूर्वक पाणी सोडल्याचीही उदाहरणे आहेत. फुजीफिल्मच्या एस३ प्रो (२००४) मध्ये ६१.७ लाख मोठे आणि तेवढेच छोटे फोटोडायोड (प्रकाश टिपणारे घटक) होते. मोठे भरून वाहिले तरी कमी संवेदनशील छोट्यांत उजळ भागाचा तपशील शिल्लक राहायचा. पांढऱ्याशुभ्र पोशाखावरचे काम टिपणाऱ्या लग्नाच्या छायाचित्रकारांना याचे मोल लगेच कळण्यासारखे होते. सिनेमाच्या क्षेत्रात २०१० मध्ये आलेल्या आरी अलेक्सा कॅमेऱ्याने ४केच्या (रुंदीत सुमारे चार हजार पिक्सेल) शर्यतीत न उतरता ८.२५ मायक्रॉनचे मोठे पिक्सेल ठेवले आणि प्रत्येक पिक्सेल दोन वेगवेगळ्या गेनवर (संकेत वाढवण्याच्या पातळ्यांवर) वाचला. चेहऱ्यावरचा उजेड ती ज्या मऊपणे पांढऱ्याकडे नेते, त्यासाठी छायाचित्रण दिग्दर्शकांनी ती उचलून धरली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

रिझोल्यूशनलाही मेगापिक्सेलपलीकडच्या मर्यादा आहेत. बहुतेक सेन्सरांवर रंगीत फिल्टरांची जी बेयर मांडणी असते, तीत निम्मे पिक्सेल हिरवा आणि एक चतुर्थांश प्रत्येकी लाल व निळा मोजतात. उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. शिवाय विवर्तनामुळे, म्हणजे लेन्सच्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, एफ/८ या छिद्राच्या मापाला हिरव्या प्रकाशाचा ठिपका सुमारे १०.७ मायक्रॉनचा होतो, आणि डी८००चा पिक्सेल ४.८८ मायक्रॉनचा आहे, म्हणजे एक ठिपका दोनाहून अधिक पिक्सेलांवर पसरतो.

मोबाइलमध्ये आता हा झगडा वेगळ्या रीतीने सोडवला जातो. सोनीच्या ४८ मेगापिक्सेलच्या आयएमएक्स५८६ (२०१८) या सेन्सरमध्ये ०.८ मायक्रॉनचे चार शेजारी पिक्सेल एकाच रंगाच्या फिल्टरखाली असतात. अंधारात चौघे मिळून एक होतात आणि चित्र १२ मेगापिक्सेलचे येते. लख्ख उन्हात ते पुन्हा सुटे होतात.