प्रकल्प कुठे संपतो? पुण्यातल्या एका शिकवणीची पार्श्वभूमी

प्रकल्प व्यवस्थापनाच्या क्रमिक पुस्तकात शेवटी हस्तांतरण येतं. काम पूर्ण झाल्याचा दाखला, अनामत परत, फाइल बंद. शाश्वत विकासाचा प्रश्न मात्र तिथून पुढे सुरू होतो. दोन्ही गोष्टी एकाच वर्गात शिकवायच्या म्हटलं की आज पुण्यातल्या अभ्यासक्रमांची जी ओढाताण होते, तिचं मूळ बरंच जुनं आहे.

१८५४ साली पुण्यात निघालेला इंजिनिअरिंगचा वर्ग, म्हणजे आजचं सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय, हा सरकारी बांधकामांना हाताखालची शिकलेली माणसं मिळावीत म्हणून होता. नकाशा वाचायचा, अंदाजपत्रक मांडायचं, काम करवून घ्यायचं. याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले आणि धरणाची उंची न वाढवता पाण्याचा साठा वाढवला. ‘शाश्वत’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, एवढंच.

नियोजनाची आजची तंत्रं, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपेल याची कोष्टकं, आली ती अमेरिकेतून. सीपीएम १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत आकाराला आलं आणि १९५८ मध्ये पर्ट अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. दोन्ही ठिकाणी घाई होती आणि पैसा होता. पन्नास वर्षांनी काय, हा प्रश्न त्या कोष्टकांत बसवलेलाच नव्हता.

त्याच वर्षांत पुण्याच्या वर पानशेतचं धरण बांधलं जात होतं. पाणी सोडण्याच्या मोरीचं आणि दरवाज्यांचं काम अपुरं असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. जवानांनी पोती रचून धरण सावरायचा प्रयत्न केला, पण १२ जुलैला सकाळी ते फुटलं. पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यात आजही जुनी माणसं काळ मोजताना ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ म्हणतात. मुदत गाठण्याच्या नादात जोखीम कशी नजरेआड होते हे शिकवायला मला यापेक्षा जवळचं उदाहरण माहीत नाही. वर्गात मात्र हटकून कुठल्या तरी परदेशी कंपनीची केस स्टडी असते!

उलट बाजूचा धडाही पुणे जिल्ह्यातच मिळतो. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. नायगावात देवस्थानची ४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पावसाचं पाणी जागच्या जागी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मुळातून पाहण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा सभासदांनी आधी भरायचा. पुस्तकी भाषेत याला कार्यकक्षा, हितसंबंधी, देखभालीची तरतूद असं काहीबाही म्हणतील. गावकऱ्यांनी ते बैठकीत, भांडून ठरवलं. उसावरची बंदी तर मला सगळ्यात धाडसी वाटते, कारण बहुतेक योजना पाणी आणून थांबतात आणि पाणी आल्यावर लोक काय करतील यावर बोलायचं टाळतात.

कॉलेजांमध्ये हे दोन विषय वेगवेगळ्या दारांनी आले. व्यवस्थापन आलं उद्योगाच्या गरजेतून. बांधकाम व्यवस्थापनासाठीची निकमार ही संस्था १९८३ ची, तिचा कॅम्पस बालेवाडीत. पर्यावरण आलं न्यायालयाच्या आदेशातून. १९८७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड अहवालाने पुढच्या पिढ्यांच्या गरजांना हात न लावता आजच्या भागवणं, अशी शाश्वत विकासाची व्याख्या दिली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, आणि पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पदवीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्याच डॉ. एरक भरुचांनी लिहिलं. पुस्तक चांगलं होतं. पण सक्तीच्या विषयाचं व्हायचं तेच झालं: परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचा विषय, आणि प्रकल्प म्हणजे शेवटच्या आठवड्यात कॉपी करून दिलेली फाइल.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आली, तेव्हापासून प्रत्येक प्रकल्प अहवालाला त्यांची रंगीत चौकट लागते. खुद्द व्यवस्थापनाच्या जगातही २०२१ मध्ये पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापकांच्या अमेरिकी संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेच्या सातव्या आवृत्तीत बारा तत्त्वं दिली. त्यातलं पहिलं विश्वस्तवृत्तीचं, म्हणजे हाती आलेलं दुसऱ्याची ठेव समजून सांभाळण्याचं. पुरंदरच्या माणसाला त्यात नवीन काही दिसणार नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाला क्रेडिट मिळतात. मुलं मुळशी-वेल्ह्याकडे जातात, वनराई बंधारा घालतात, फोटो काढतात. अडचण कॅलेंडरची आहे. सत्र उन्हाळ्यात संपतं. लोकांनी त्या बंधाऱ्याकडे पुन्हा लक्ष दिलं का, हे पुढचा पावसाळा सरल्यावर कळतं, आणि तोवर गुण भरून झालेले असतात.